डोव्हरच्या किनाऱ्यावर सहा तास

लंडनला जाऊन आलेल्या बायका मेणाचे पुतळे, राजवाडा आणि मोठं घड्याळ यांबद्दल भरभरून बोलतात. मीही ते सगळं पाहिलं, फोटोही काढले. पण आज तुम्हांला घेऊन जाणार आहे ती डोव्हरला. तिथे मी दिवसभरात काही विशेष केलं नाही. एका दगडाळ किनाऱ्यावर बसून राहिले, इतकंच.

2019 चा जून महिना. आमची शाळा उघडायला अजून आठवडा होता आणि आम्ही लंडनला धाकट्या दिरांकडे उतरलो होतो. रविवारी मंडळी क्रिकेटच्या सामन्यापुढे बसली, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "वहिनी, चला, आपण दोघीच समुद्र पाहून येऊ." फ्लास्कमध्ये चहा, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि निघालो. सेंट पँक्रास स्टेशनावरून आगगाडीनं तासा-सव्वा तासात डोव्हर येतं.

गाव तसं साधंच. पण समुद्राकडे तोंड करून वर पाहिलं की पांढरेशुभ्र कडे दिसतात आणि आपण गप्प होतो. हे कडे खडूचे आहेत. शब्दशः खडूचे हं! कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांचे थर साचले, त्यांचा हा दगड झाला. खाली पडलेला एक तुकडा उचलून मी दुसऱ्या दगडावर रेघ ओढून पाहिली. मास्तरणीचा हात, दुसरं काय! टेकडीवर जुना किल्ला, खाली बंदर, आणि फ्रान्सकडे जाणाऱ्या अवाढव्य बोटी. हवा स्वच्छ असेल तर पलीकडचा फ्रान्सचा किनाराही दिसतो. तुम्ही गेलात तर एक लक्षात ठेवा, इथे आपल्या चौपाटीसारखी वाळू नाही, सगळे गोटे. चपला घालून गेलात तर पाय मुरगळलाच म्हणून समजा. जूनमध्येसुद्धा शाल हवी.

बंदराच्या आतल्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांची गर्दी होती. इंग्लिश खाडी पोहून जाणारे लोक इथे सराव करतात. खाडी अगदी अरुंद जागी सुमारे 33 किलोमीटर रुंद आहे. 1875 साली कॅप्टन वेबनं ती पहिल्यांदा पोहून पार केली, त्याला पावणेबावीस तास लागले. त्याचा पुतळा तिथे जवळच आहे. आपल्याकडच्या आरती साहा यांनी 1959 मध्ये ही खाडी पार केली, आशियातली ती पहिलीच स्त्री. आणि मुंबईचे तारानाथ शेणॉय तर जन्मापासून ऐकू न येणारे. त्यांनीही 1983 मध्ये ती पार केली. शेणॉयांची आठवण मला तिथे का झाली, ते पुढे येईलच.

नियम कडक आहेत. अंगावर एक साधा पोहण्याचा पोशाख, डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, बस्स. ऊब देणारा रबरी पोशाख चालत नाही. वाटेत बोटीला किंवा माणसाला हात लावला की सगळं रद्द. आणि एकट्यानं खाडी पोहायची तर आधी 16 अंश किंवा त्याहून गार पाण्यात सलग सहा तास पोहून दाखवावं लागतं. त्या दिवशी पाणी 14 अंशांचं होतं. मी बोट बुडवलं आणि लगेच पदरात गुंडाळलं.

आमच्या शेजारी साठीच्या एक बाई हातात रबरी मोजे घालून व्हॅसलीनचा मोठा डबा सांभाळत उभ्या होत्या. पोशाखाची कड काचू नये म्हणून पोहणाऱ्यांच्या मानेला, काखेत व्हॅसलीन थापायचं काम त्यांच्याकडे. पुरी दिली की ओळख होते, हे साऱ्या जगात खरं. त्यांची मुलगी पाण्यात होती. ती कर्णबधिर. सहा तासांची परीक्षा ती त्या दिवशी देत होती, आणि प्रत्येक तासामागे ओळखीचे लोक काही पौंड देणार होते. पैसे कशासाठी? ऐकू न येणाऱ्या मुलांच्या आईबापांना खुणांची भाषा शिकवायच्या वर्गांसाठी, आणि त्या भाषेला कायद्यानं मान मिळावा या खटपटीसाठी.

मला नवल वाटलं. इंग्लंडसारख्या देशात अजून मान नाही? बाईंनी सांगितलं, 2003 मध्ये सरकारनं ही स्वतंत्र भाषा आहे असं मान्य केलं, पण कायदा केला नाही. स्कॉटलंडनं 2015 मध्ये आपल्यापुरता केला. (पुढे 28 एप्रिल 2022 ला ब्रिटनच्या पार्लमेंटचा कायदा झाला. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तो व्हॅसलीनचा डबा आठवला.) खुणांची भाषा जगात सगळीकडे एकच असते, असा माझा बावळट समज होता. तसं नाही. इंग्रज आणि अमेरिकन बोलतात एकच इंग्रजी, पण त्यांच्या खुणांच्या भाषा अगदी वेगळ्या. अमेरिकन माणूस अक्षरं एका हातानं काढतो, इंग्रज दोन हातांनी. आपल्या भारतीय सांकेतिक भाषेतही इंग्रजी अक्षरं दोन हातांनीच काढतात.

दर तासाला पोहणारे उथळ पाण्यात यायचे, कोमट पेयाचा पेला घ्यायचे आणि परत फिरायचे. बाकीच्यांच्या कानांत बोळे, डोक्यावर टोपी, वर वारा. काठावरून बायका ओरडायच्या, "बरं वाटतंय का?" आतून "काय?" पुन्हा ओरडायच्या, पुन्हा "काय?" आणि ही मुलगी मात्र पन्नास पावलांवरूनच दोन हात पाण्याबाहेर काढून आईशी गप्पा मारत येत होती! आई इकडून उत्तर देत होती, हसत होती. "पाण्यात सगळेच बहिरे," बाई म्हणाल्या, "आमचंच तेवढं बरं चालतं."

पाचव्या तासाला मात्र त्यांचं हसू गेलं. गारठ्यानं पोहणाऱ्यांची बोटं फाकतात आणि पंजासारखी ताठ होतात, मिटत नाहीत. मुलगी खुणा करत होती, पण त्या तोतऱ्या झाल्या होत्या. बाई गुडघाभर पाण्यात शिरल्या आणि तिला स्वतःचं नाव अक्षरांनी काढायला सांगितलं. मुलीनं एक अक्षर काढलं, दुसरं जमेना. पुन्हा पहिल्यापासून. आम्ही दोघी जावा किनाऱ्यावर श्वास रोखून उभ्या. चौथ्या खेपेला सगळी अक्षरं झाली. बाईंनी मान हलवली, मुलगी वळली आणि परत गेली. शेवटचा तास त्या बाई खाली बसल्या नाहीत.

ती बाहेर आली तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून हलवले, वाऱ्यावर पानं हलावीत तसे. कर्णबधिरांची टाळी अशी असते. मुलगी ब्लँकेटात थरथरत होती, तरी माझ्याकडे बघून तिनं कपाळाच्या मध्यावर बोट टेकवलं. बाई म्हणाल्या, "तुम्हांला नाव दिलं तिनं. प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. ज्याचं जे डोळ्यांत भरतं, ते त्याचं नाव." माझ्या टिकलीवरून मी "टिकली" झाले होते.

आता खरं सांगते. मला हसू यायला हवं होतं, पण डोळ्यांत पाणी आलं. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी जन्मापासून ऐकत नाही. ताईला तज्ज्ञांनी सांगितलं होतं, "खुणा करू देऊ नका, खुणा केल्या तर ती कधीच बोलणार नाही." हा विचार फार जुना. 1880 साली मिलान शहरात बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिथे खुणांऐवजी तोंडी बोलण्यानंच शिकवावं असं ठरलं, आणि तेच पुढे शंभरेक वर्षं जगभर चाललं. मी बी.ए., शिकवायची सवय असलेली मावशी. तेव्हा दर सुट्टीत शिकवणी माझ्याकडे. ती पाच-सहा वर्षांची होती. मी तिचे दोन्ही हात मनगटाशी धरून माझ्या गुडघ्यांत दाबून ठेवी आणि म्हणे, "पाणी म्हण. पा-णी." ती तहानलेली असायची. "पा" म्हटल्याशिवाय मी पेला देत नसे. आमच्या मायेचाच तो प्रकार होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं.

परत आल्यावर मी शिकायला लागले. दिल्लीला 2015 पासून भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था आहे, 2018 मध्ये तिनं 3,000 शब्दांचा कोश काढला. तो चित्रफितींचा आहे, घरबसल्या पाहता येतो. कणीक मळताना शिकता येत नाही एवढंच, कारण हात मोकळे लागतात. ताईला हे आवडलं नाही. "चारचौघांत हातवारे करील, उद्या लग्नाचं बघताना लोक काय म्हणतील?" या तिच्या प्रश्नावर आमचं दोन महिने बोलणं बंद होतं. अजूनही ती शिकलेली नाही. भाची मात्र आता मोठी झाली आहे, तिच्या मैत्रिणींच्यात भराभरा बोलते, आणि माझ्या चुका काढते. शिक्षिकेच्या चुका काढताना तिला भारी मजा येते.

मागच्या दिवाळीत करंज्या करता करता मी तिला डोव्हरची गोष्ट सांगितली. कपाळाला बोट लावून "टिकली" दाखवली. मग विचारलं, "तू मला काय म्हणतेस?" ती जरा थांबली, हाताची पिठी पुसली. मग एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून दाखवलं. लहानपणापासून मी तिच्याकडे तेवढीच आहे.

दुसरं नाव दे, असं मी तिला अजून म्हटलेलं नाही.