कांगा लीगचा रविवार आणि आभाळाकडे पाहणारे जाणकार



मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा ओहायो स्टेट विद्यापीठाशी सामना ठरला की कोणाचा गुडघा दुखावला आहे, कोणाचा बचाव भक्कम आहे आणि किती गुणांच्या फरकाने कोण जिंकेल, याची चर्चा विद्यार्थ्यांमध्ये आठवडाभर कशी रंगते, याचे वर्णन, सोहम, तुझ्या पत्रातून पोहोचले. त्यासोबतच दादर-माटुंग्याची वडीलधारी मंडळी ‘दादर युनियन की शिवाजी पार्क’ हा वाद अजूनही इतक्या त्वेषाने का घालतात, असा प्रश्नही विचारला गेला आहे. या वादाचे मूळ १९४८ साली सुरू झालेल्या कांगा लीगमध्ये, म्हणजे मुंबईतील क्रिकेट क्लबांच्या पावसाळी साखळी स्पर्धेत आहे. ज्या डॉ. होरमसजी कांगा यांचे नाव या स्पर्धेला दिले गेले, ते पेशाने वैद्य होते आणि १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघात त्यांचा समावेश होता.

जगभर पावसाळा हा क्रिकेटचा शत्रू मानला जातो. या स्पर्धेने मात्र तोच हंगाम जाणूनबुजून निवडला. इथली खेळपट्टी आच्छादनाविना उघडी राहत असे, त्यामुळे रात्रभर पाऊस पडून सकाळी ती ओली राहिली तर चेंडू घसरत खाली राही. दुपारी ऊन पडून माती वाळू लागली की तोच चेंडू कधी छातीपर्यंत उसळे, तर कधी हातभर वळे. फलंदाजाला जखडून टाकणाऱ्या अशा चिकट खेळपट्टीला क्रिकेटच्या भाषेत ‘स्टिकी विकेट’ म्हणतात. त्यातच मैदानावर गवत इतके माजलेले असे की जमिनीलगत मारलेला चांगला फटकाही सीमारेषेआधीच अडकून पडे, आणि एरवी जी धावसंख्या किरकोळ वाटावी ती येथे जिंकून देणारी ठरे. सामना एकाच दिवसाचा असल्यामुळे बहुधा पहिल्या डावातील आघाडीवरच गुणांचे वाटप होई. प्रतिस्पर्ध्याला दोन्ही डावांत गुंडाळून मिळवलेला निर्णायक विजय अधिक मोलाचा, पण तो पदरात पडण्याइतका वेळ पावसाने ठेवला तर.

वादातल्या दोन क्लबांपैकी दादर युनियनचे मैदान, नाव दादरचे असूनही, माटुंग्याला आहे, तर शिवाजी पार्क जिमखाना रेल्वेरुळांच्या पश्चिमेला, ज्या मैदानाला १९२७ साली शिवाजी महाराजांचे नाव दिले गेले तेथे उभा आहे. दादर युनियनची शिस्त माधव मंत्री यांच्या काळापासून प्रसिद्ध होती. वेळेवर हजर राहणे आणि स्वच्छ पांढरा पोशाख या बाबतींत तेथे कोणालाही सवलत नसे. मंत्रींचे भाचे सुनील गावसकर, तसेच रामनाथ पारकर आणि दिलीप वेंगसरकर हे याच क्लबाचे, आणि दीर्घकाळ कप्तान राहिलेले वासू परांजपे हे त्याचे चालतेबोलते शहाणपण. शिवाजी पार्ककडे अजित वाडेकर होते, रमाकांत देसाई होते, पद्माकर शिवलकर होते आणि पुढे संदीप पाटील आले. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये ज्याच्या नेतृत्वाखाली भारताने प्रथमच मालिका जिंकली तो कर्णधार वाडेकर आणि त्याच मालिकेत ७७४ धावा काढणारा सलामीवीर गावसकर, हे दोघे मुंबईतील क्लब क्रिकेटमध्ये परस्परांच्या विरोधी गोटांतले होते, एवढे सांगितले तरी या दोन क्लबांच्या सामन्याला इतकी गर्दी का लोटे, हे वेगळे समजावण्याची गरज उरत नाही.

आता मुख्य मुद्दा. मिशिगनचा चाहता खेळाडूंचे आकडे समोर मांडून भाकीत करतो; कांगा लीगच्या जाणकाराला आधी आभाळाचा हिशेब करावा लागे. शनिवारी रात्री कौलांवर पाऊस किती वेळ वाजला, सकाळी वारा कुठून आहे, दुपारी ऊन पडेल का, यांवरून नाणेफेक जिंकून आधी काय घ्यावे याचा निर्णय कट्ट्यावर बसलेले लोक कर्णधाराआधीच घेऊन मोकळे होत. सकाळच्या दमट हवेत देसाईंचा मारा, आणि दुपारी ऊन आले तर शिवलकरांची डावखुरी फिरकी: शिवाजी पार्कच्या पाठीराख्यांची सारी भिस्त या जोडीवर असे. त्यावर दादर युनियनवाल्यांचे उत्तर असे की शिवलकर खेळून काढता येतो, फक्त पाय पुढे टाकण्याआधी डोके ठिकाणावर हवे. ते बोलायला सोपे होते. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या खेळपट्टीवर याच शिवलकरांनी तमिळनाडूचे आठ फलंदाज १६ धावांत टिपले होते आणि मुंबईने सलग पंधराव्यांदा रणजी करंडक उचलला होता. प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेऊनही त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, ही हळहळ दोन्ही गोटांत सारखीच आहे.

या अंदाजांत फलंदाजीपेक्षा जवळच्या क्षेत्ररक्षणाला अधिक वजन दिले जाई, आणि ते योग्यच होते, कारण उसळत्या चेंडूवर बॅटची कड लागणे अटळ असले तरी तो झेल टिकेल की नाही हे मात्र माणसाच्या हाती असे. गिरगावालगतच्या हिंदू जिमखान्यात माळ्याच्या घरी वाढलेले एकनाथ सोलकर यांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, तेव्हा या शहराच्या मैदानांवर अशा हातांची पारख फार पूर्वीपासून होती, असे म्हणायला हरकत नाही. कांगा लीगच्या ओल्या खेळपट्ट्यांनीच मुंबईच्या फलंदाजांचे तंत्र घडवले, हे वारंवार ऐकू येणारे विधान मात्र अर्धेच स्वीकारावे. उंच गवतामुळे चेंडू हवेतून मारण्याची सवयही याच स्पर्धेने लावली, आणि तंत्राच्या कट्टर अभिमान्यांना ही गोष्ट सांगायला आवडत नाही.

दोन्ही क्लबांच्या या सामन्याला तिकीट नसे. सार्वजनिक मैदानाच्या कडेला, छत्री सावरत, लोक उभे राहत, आणि कित्येकदा एकही चेंडू न पडता घरी परतत. तेव्हा वाद अनिर्णित राही आणि पुढच्या भेटीपर्यंत पुरे. पुढे आंतरराष्ट्रीय दौरे वाढले, नामवंत खेळाडू पावसाळ्यात मुंबईत क्वचित राहू लागले, दूरदर्शनवर घरबसल्या क्रिकेट दिसू लागले, आणि प्रेक्षक पांगले. स्पर्धा आजही होते, तरी वडीलधाऱ्यांचा वाद साहजिकच जुन्याच संघांभोवती फिरत राहतो.

थंडी वाढण्याआधी लोकरीचे कपडे घ्यावेत. ओहायो स्टेटच्या सामन्याचा निकाल कळवावा, आणि तो कोणी आधी ओळखला होता, तेही.