वास कधी येतो?

गाडीत वास येतो अशी तक्रार घेऊन येणारा माणूस आधी वासाचं वर्णन करतो. कुबट आहे, आंबूस आहे, काहीतरी कुजल्यासारखं येतंय. ऐकून घ्यावं, पण तेवढ्यावर डॅशबोर्ड खोलायला घेऊ नये, कारण एकाला जे कुबट वाटतं तेच दुसऱ्याला आंबूस वाटतं आणि तिसऱ्याला नवीन सीटकव्हरचा दोष. विचारायचं ते हे, की वास येतो कधी? सेल मारल्या मारल्या की अर्ध्या तासानं, एसी लावल्यावर की बंद केल्यावर, सिग्नलला की चालत्या गाडीत, पावसानंतर की टाकी फुल केल्यावर? वासाचा प्रकार फार तर पदार्थ सांगतो. तो कुठून येतोय हे वेळ सांगते, आणि पाना लावायचा असतो तो जागेला.

सगळ्यात जास्त येणारी तक्रार घ्या. डॅशबोर्डच्या मागे कूलिंग कॉइल असते. हवेतल्या वाफेचं तिच्यावर थंड होऊन पाणी होतं आणि ड्रेन पाइपातून खाली गळतं. कॉइलच्या बारीक पात्यांत धूळ बसते, ती ओली राहते, तिच्यावर बुरशी धरते. अशा गाडीत सकाळी ब्लोअर लावला की पहिली दोन मिनिटं भपकारा येतो, मग कमी होतो. कॉम्प्रेसर बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला की पुन्हा येतो, कारण कॉइल गरम होऊन तिच्यावरचं पाणी उडायला लागतं. हेच वेळापत्रक असलं तर कॉइल धुवायची आणि एसी फिल्टर बदलायचा, बाकी काही उचकटायचं नाही. पण एसी बंद असतानाही, उन्हात काचा लावून ठेवलेल्या गाडीत वास कोंडत असेल तर प्रकरण वेगळं. तेव्हा खाली वाकून बघावं. दमट हवेत एसी पंधरा मिनिटं चालूनही गाडीखाली थेंब पडत नसेल, तर ड्रेन पाइप कचऱ्यानं बुजला असणार आणि पाणी आत, बहुधा पुढच्या प्रवाशाच्या पायाशी, मॅटखाली उतरत असणार. वरचं कार्पेट हाताला कोरडं लागतं आणि फसवतं, कारण पाणी धरून ठेवतो तो खालचा नमदा. तोच नमदा पावसाच्या पाण्यानंही भिजतो, दाराच्या रबरातून किंवा वायपरखालच्या जाळीतून. पुन्हा वेळच विचारायची: उन्हाळ्यात एसी चालवल्यावर ओल येते, की पावसात एसीला हात न लावताही? ओल बोटांना चिकट लागली, वास गोडसर असला आणि काचेवर आतून ओशट धुकं धरत असलं, तर ते पाणीच नव्हे. हीटर कोअर गळतोय आणि कूलंट कमी होत चाललंय.

डॅशबोर्डवरचं हवा आतल्या आत फिरवायचं बटणही असंच बोलकं असतं. ते दाबल्यावर वास थांबला तर तो बाहेरून किंवा बॉनेटखालून येतोय. वाढला तर आतलाच आहे. सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपावर ऑइल ठिबकत असेल तर करपट वास सिग्नलला येतो आणि गाडी पळाली की वाऱ्यावर निघून जातो. खंबाटकीच्या घाटात मात्र आधी पुढच्या ट्रकवर संशय घ्यावा.

यावर कुणी म्हणेल, पेट्रोल, जळकी वायर, सीएनजी यांना वेळ कसली विचारता? बरोबर आहे. तिथे गाडी बाजूला घ्यायची, बंद करायची, उतरायचं. सीएनजीला स्वतःचा वास नसतोच. गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो, त्यामुळे तो आल्यावर विचार करत बसायचं कारण नाही. धुराचा वास आत आला तरी काचा उघडून थांबावं, कारण त्यातला खरा घातक कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळतच नाही. पण गाडी गॅरेजमध्ये सुखरूप आल्यावर प्रश्न पुन्हा तोच उरतो. पेट्रोलचा वास टाकी फुल केल्यावर येतो आणि अर्धी झाल्यावर जातो, असं कळलं की मागच्या सीटखालचं पंपाचं झाकण आणि त्याचं सील आधी तपासावं. नोझल आपोआप बंद झाल्यावरही हिशेब गोल करायला पेट्रोल कोंबण्याची सवय असेल, तर वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरलेलं असू शकतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गिऱ्हाइकाला वेळ नीट सांगताच येत नाही. खरंच येत नाही. नाक काही मिनिटांत सरावतं, आणि रोज तीच गाडी चालवणारा हा सगळ्यात कच्चा साक्षीदार. म्हणून विचारावं ते मधूनच बसणाऱ्याला. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी दार उघडताना पहिला श्वास आपण घ्यावा, तोही पेट्रोलनं हात धुण्याआधी.

राहिला परफ्यूमवाल्यांचा आणि ओझोन मशीनवाल्यांचा दावा, की आमच्या उपायानं वास जातो. जातो, नमदा ओला असेल तर तो पुन्हा येईपर्यंत. ओझोन जास्त झाला तर रबर तडकवतो आणि छातीला त्रास देतो, पण माझी तक्रार ती नाही. हे उपाय पुरावा पुसतात. परफ्यूमची बाटली लटकत असलेल्या गाडीचं निदान मी करत नाही. आधी ती काढून दोन दिवस गाडी तशीच वापरायला सांगतो. पावसाळ्यात ऊब शोधत बॉनेटखाली शिरलेला उंदीर ब्लोअरच्या घरात मेला, की वास ब्लोअरच्या वेगाबरोबर वाढतो आणि जागा लगेच सापडते. लिंबाच्या अत्तरात बुडवलेल्या गाडीत ती सापडायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि त्याची मजुरी एसी फिल्टरच्या कितीतरी पट होते.