धर्मग्रामाची गाडी

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत विखुरलेल्या श्रावंतांची सेवा करणाऱ्या धर्मगुरूला वाहनाचा विचार हौस म्हणून करता येत नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत लातूर गाठायचे, वाटेत एखाद्या आडगावी दोन-चार कुटुंबांसाठी मिस्सा अर्पण करायची. हार्मोनियम, वेदीचे साहित्य, दोन सिस्टर्स आणि प्रचारक हे सारे ज्या गाडीत मावेल, तीच आपली गाडी. त्यातच गेल्या पावसाळ्यात मुखेडकडील एका वृद्ध आजाऱ्याला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात न्यावे लागले. आमच्या जुन्या जीपमध्ये त्यांना आडवे करता येईना. वाटभर दोघा मुलांनी त्यांना मांडीवर सावरून धरले. पुढची गाडी घ्यायची ती माणूस निजू शकेल अशीच, हे त्या रात्री ठरले.

अशी मागे लांबलेली गाडी आपल्याकडे फारशी रुजली नाही. टेल्कोने १९९२ साली ‘इस्टेट’ काढली होती. दिसायला डौलदार, पण आपल्या माणसाला डिकी वेगळी हवी असते, आणि ही गाडी त्याला रुग्णवाहिकेची आठवण करून देत असावी. १९९४ मध्ये आलेली सुमो मात्र खेड्यापाड्यांत पोहोचली. तीही २०१९ मध्ये बंद झाली.

धर्मग्राम समितीतील तरुणांचा ओढा बोलेरोकडे होता. काळ्या मातीच्या रस्त्यांवर तिचा काटकपणा निर्विवाद आहे. परंतु मागची आसने समोरासमोर, बाजूला टेकलेली, आणि पाट्यांच्या स्प्रिंगमुळे खड्ड्यागणिक हिसका. आजाऱ्याने तो का सोसावा? इनोव्हा उत्तम, पण जुनीही आमच्या आवाक्याबाहेर. शेवटी २०१२ पासून बाजारात असलेल्या एर्टिगावर सर्वांचे एकमत झाले. मागच्या दोन्ही ओळी दुमडल्या की गादी अंथरता येते, आणि सुटे भाग तालुक्यालाही मिळतात. डिझेलचा मोह मी टाळला. त्या कंपनीने २०२० पासून डिझेल गाड्या बनवणेच थांबवले आहे, आणि आम्हाला गाडी दहा वर्षे तरी वापरायची आहे.

जमलेले पैसे सोयाबीनच्या पट्टीतून, ऊसतोडीच्या उचलीतून आणि शिवणकामातून आलेले होते. म्हणून प्रत्येक गाडी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय बोलणी करायची नाही, असा नियम केला. एका दलालाने दाखवलेल्या चकचकीत गाडीच्या मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर होते. पण क्लचच्या पायटीचे रबर झिजून गुळगुळीत झालेले. मिस्त्री काही न बोलता खाली उतरला. दुसऱ्या एका गाडीचा आसनपट्टा त्याने शेवटपर्यंत ओढून काढला, तेव्हा आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडे कितीतरी गाड्या बुडाल्या होत्या. ही त्यांतलीच की काय, कोण जाणे. पाण्यात राहिलेल्या गाडीची वायरिंग हळूहळू कुजत जाते, आणि नेमकी रात्रीच्या वेळी दगा देते. धुराचा रंगही तो पाहत असे: निळसर धूर म्हणजे इंजिन तेल पिते. टायर एका बाजूने झिजले असतील तर गाडीची चाल सरळ नाही.

अखेर लातूरच्या एका निवृत्त शिक्षकांची २०१७ ची पेट्रोल गाडी पसंत पडली. दर सेवेची पावती त्यांनी वहीत चिकटवून ठेवली होती. बँकेच्या कर्जाचा बोजा नोंदणीपुस्तकातून उतरलेला आहे की नाही, ते आधी पाहिले. मग हस्तांतरणाच्या अर्जांवर सह्या झाल्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३२ पर्यंत चिंता नाही. पुढे तपासणीत उतरली तर पाच-पाच वर्षे वाढवता येते.

किल्ली देताना गुरुजींनी आवर्जून सांगितले, “फादर, डावीकडच्या मागच्या दाराची काच अडकते. दोन बोटांनी वर ढकलावी लागते.” ती अजूनही तशीच ढकलावी लागते.