सकलेनची विकेट

आमच्या घरात काही वाद कधीच मिटत नाहीत. आमटीत गूळ किती घालायचा हा एक. गणपती दीड दिवसाचा की पाच दिवसांचा हा दुसरा. आणि तिसरा म्हणजे 31 जानेवारी 1999 ला चेन्नईत सचिनने तो फटका मारायला हवा होता की नको. पहिल्या दोन वादांत आई आणि काकू काय तो निकाल लावून टाकतात. तिसऱ्याला पंचवीस वर्षं उलटून गेली तरी तो चालूच आहे. वाद घालणाऱ्यांपैकी एक जण तर आता या जगात नाही, तरी त्याचे मुद्दे हजर असतात.

ज्यांना आठवत नसेल (किंवा जे तेव्हा जन्मलेच नव्हते) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पाकिस्तानची टीम 1987 नंतर पहिल्यांदाच भारतात टेस्ट सिरीज खेळायला आली होती. दोनच मॅचेस. पहिली खरं तर दिल्लीला व्हायची, पण जानेवारीत शिवसैनिकांनी फिरोजशाह कोटलाचं पिच उखडलं. पुढे मुंबईत क्रिकेट बोर्डाच्या ऑफिसात तोडफोड झाली. शेवटी पहिली टेस्ट चेन्नईला गेली आणि दिल्ली दुसरी झाली. पाकिस्तान 238, आपण 254. दुसऱ्या डावात आफ्रिदीने 141 ठोकले आणि आता काही खरं नाही असं वाटत असताना व्यंकटेश प्रसादने एकही रन न देता पाच विकेट्स काढल्या. सगळे 286 मध्ये आउट. आपल्याला जिंकायला 271 हवे होते.

चौथा दिवस नेमका रविवार. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत त्या दिवशी बाबा, काका, ठाण्याहून आलेला मामा, समोरच्या ब्लॉकमधली तीन मुलं आणि मी. जो जिथे बसला होता त्याने तिथून हलायचं नाही, हा बाबांचा नियम. (मामा पंख्याखाली बसला होता, म्हणून त्याला नियम मान्य. मी दारात.) 5 बाद 82 झाले तेव्हा आईने विचारलं, "पानं घेऊ का आता?" कुणी उत्तर दिलं नाही. मग सचिन आणि मोंगिया उभे राहिले. दोघांनी मिळून 136 रन काढले. मोंगिया 52 वर गेला तेव्हा 218 झाले होते. सचिनची पाठ धरली होती, प्रत्येक बॉलनंतर तो वाकत होता, आणि तरी मारत होता. 254 झाले. फक्त 17 हवे होते. सकलेनला त्याने उचलून मारायला गेला, बॉल उंच उडाला आणि वसीम अक्रमने कॅच घेतला. सचिन 136. उरलेल्या तीन विकेट्स चार रनमध्ये पडल्या. आपण 12 रननी हरलो. सचिन मॅन ऑफ द मॅच होता, पण बक्षीस घ्यायला बाहेर आला नाही.

वाद तिथूनच सुरू झाला. श्रीनाथची दांडी गुल होऊन दोन मिनिटंही झाली नसतील, मामा म्हणाला, "सतरा रन राहिले असताना हा फटका? सुनीलने मारला असता?"

बाबा एकदम उसळले. "सुनीलचं नाव काढू नकोस! बंगलोरला काय झालं मग? सुनीलने 96 काढले, एकही वेडावाकडा फटका मारला नाही, तरी 16 रननी हरलोच ना? एका माणसाने किती करायचं? दुखऱ्या पाठीने तो माणूस जवळजवळ पावणेसात तास उभा होता. बाकीच्यांना सतरा रन काढता येऊ नयेत?"

मामाचं म्हणणं असं की ज्याने एवढं ओढत आणलं त्यानेच ते पुरं करायला हवं, कारण बाकीच्यांना जमणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. बाबांचं म्हणणं, पाठ धरल्यामुळे आता आपण फार वेळ टिकत नाही हे त्याला कळलं होतं, म्हणून त्याने घाई केली. पुढच्या पंधरा वर्षांत या दोन मुद्द्यांना किती फांद्या फुटल्या असतील! गांगुलीचा कॅच टप्पा पडल्यावर घेतला होता की नाही. जोशीने पुढाकार का घेतला नाही. लग्नाच्या पंगतीत, गाडीत, आणि एकदा तर हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्येसुद्धा. बाबांच्या बायपासच्या आदल्या दिवशी मामा भेटायला आला आणि पाचव्या मिनिटाला दोघं चेन्नईत. आई म्हणाली, "चला, तब्येत बरी दिसतेय."

या सगळ्यात काका गप्प असायचा. काका बँकेत होता आणि बँकेच्या टीममधून मैदानांवर ऑफस्पिन टाकायचा. फार मोठा बॉलर नव्हता, पण बरी वीस वर्षं टाकला. त्या रविवारी बाबा आणि मामाचे आवाज चढले तेव्हा तो एकच वाक्य बोलला. "अरे, त्याला सकलेनने आउट केलाय."

दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो भलत्याच मॅचबद्दल बोलतोय.

काकाचा मुद्दा साधा होता. सकलेनने पहिल्या डावात पाच घेतल्या होत्या, सचिनला शून्यावर काढून. दुसऱ्या डावात पुन्हा पाच. सचिनने त्याला आदल्या काही ओव्हर्समध्ये झोडपला होता, आणि तरी त्याने बॉल हवेत सोडायचं धैर्य ठेवलं. मग आपला तो 'दुसरा' टाकला, ऑफस्पिनच्याच अॅक्शनने उलटा वळणारा बॉल, जो त्याच्याच नावाने जगाला माहीत झाला. सचिन मारायला गेला ऑनला, कॅच गेला ऑफला. "आता सांगा, यात चूक कुणाची, हा प्रश्नच कुठे आला? बॉलरने बॉल टाकला!" आणि मग तो हळूच म्हणाला, "ऑफस्पिनरने विकेट घेतली की लोक म्हणतात बॅट्समनने दिली. वीस वर्षं ऐकतोय."

तेव्हा मी कॉलेजात होतो. काकाच्या बोलण्याकडे मीही इतरांइतकंच लक्ष दिलं, म्हणजे जवळजवळ नाहीच. पण ते वाक्य डोक्यात राहिलं, आणि पुढच्याच आठवड्यात त्याचा प्रत्यय आला. दिल्लीच्या टेस्टमध्ये पाकिस्तानला 420 करायचे होते. बिनबाद 101 वरून ते 207 ला संपले आणि दहाच्या दहा विकेट्स कुंबळेच्या. 74 रनमध्ये 10! आपण 212 रननी जिंकलो, सिरीज 1-1. आता गंमत बघा. त्या दिवशी आमच्या घरात कुणीही असं म्हणालं नाही की सईद अन्वरने तो बॉल असा खेळायला नको होता. सगळे म्हणाले, कुंबळेने घेतल्या. म्हणजे आपण जिंकलो की आपल्या बॉलरने विकेट घेतलेली असते, आणि हरलो की आपल्या बॅट्समनने फेकलेली असते. दोन्ही वेळा मैदानावर आपलीच टीम. दुसरी टीम जणू आलेलीच नसते.

बंगलोर 1987 चंही तेच. गावसकरच्या 96 वर मी आयुष्यात किती ऐकलं असेल, मोजदाद नाही. ती त्याची शेवटची टेस्ट, ते वळणारं पिच, ते 16 रन. पण त्या मॅचमध्ये आपल्या 20 पैकी 18 विकेट्स इक्बाल कासिम आणि तौसिफ अहमद या दोघांनी घेतल्या, नऊ-नऊ, हे मला काकाने सांगितलं. बाबांना ती दोन्ही नावं ठाऊक होती. वादात त्यांची गरज कधी पडली नव्हती, एवढंच.

म्हणूनच चेन्नईच्या लोकांनी त्या संध्याकाळी जे केलं ते मला अजून थोडं अद्भुत वाटतं. 12 रननी हरल्यावर स्टेडियम आधी सुन्न झालं. आणि मग लोक उठून उभे राहिले आणि पाकिस्तानच्या टीमसाठी टाळ्या वाजवायला लागले. अक्रमची टीम मैदानाला फेरी मारत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना हरल्याचं दुःख नव्हतं असं कोण म्हणेल? चार दिवस उन्हात बसलेले लोक ते. पण त्यांनी मॅच पाहिली होती, सगळी, दोन्ही बाजूंची.

आणि त्याच देशात, तीन आठवडेही झाले नव्हते, ईडन गार्डन्स. ती आशियाई टेस्ट चॅम्पियनशिपची मॅच. सचिन शोएब अख्तरवर आदळून रनआउट झाला, लोक भडकले, खेळ थांबला. सचिनला स्वतः मैदानात फिरून लोकांना शांत राहायची विनंती करावी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तेव्हा पोलिसांनी स्टेडियम रिकामं केलं. पाकिस्तान 46 रननी जिंकलं ते रिकाम्या खुर्च्यांसमोर. तेव्हा उगाच चेन्नईचे शहाणे आणि कोलकात्याचे वेडे असं काही मला म्हणायचं नाही. दोन्ही आपल्यातच आहे. आमच्या दोन खोल्यांतसुद्धा दोन्ही होतं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे 2025 ची भाऊबीज. ताई आणि तिचा मुलगा आले होते. भाचा 2008 चा. भारत-पाकिस्तानची शेवटची टेस्ट डिसेंबर 2007 मध्ये बंगलोरला झाली. म्हणजे या मुलाच्या आयुष्यात अशी टेस्ट झालेलीच नाही. त्याने बघितल्या त्या वन-डे आणि टी-ट्वेंटी. सप्टेंबरमधल्या आशिया कपचा विषय निघाला. तीन वेळा खेळलो, तिन्ही वेळा जिंकलो, आणि आपल्या खेळाडूंनी हात मिळवले नाहीत. काकाने बोलता बोलता चेन्नईच्या टाळ्यांची गोष्ट सांगितली. भाचा चकली खाताखाता थांबला.

"टाळ्या? पाकिस्तानला? आपण हरल्यावर? काकाआजोबा, लाज नाही वाटली त्या लोकांना?"

मामाने लगेच त्याची बाजू घेतली. "बरोबर बोलतोय तो. जानेवारीत टाळ्या वाजवल्या आणि मे महिन्यात कारगिल झालं. काय मिळालं टाळ्या वाजवून?" भाचा म्हणाला, "आणि पहलगाम? त्यानंतर हात कसा मिळवायचा?"

खोलीत शांतता. खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि आजही पुरतं नाही. तिथे ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर उभं राहून मी टाळ्यांची थोरवी सांगू शकणार नाही. बाबा असते तर त्यांनी काहीतरी मोठ्या आवाजात म्हटलं असतं आणि विषय पुन्हा सचिनच्या पाठीवर गेला असता.

काका चिडला नाही. म्हणाला, "हात मिळव किंवा नको मिळवूस, तो वेगळा प्रश्न आहे, आणि तो तुझ्या-माझ्या हातात नाही. पण समोरच्याचा बॉल न बघता खेळणार कसा? आउटच होशील ना!" मग त्याने टोपलीतलं मोसंबं उचललं आणि ऑफस्पिनची ग्रिप दाखवली. बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत त्याची, संधिवात आहे. तरी मनगट कसं राहतं, 'दुसरा' टाकताना ते कुठे फिरतं, हे त्याने दोनदा करून दाखवलं. "मला कधी पडला नाही हा," तो म्हणाला. "नेटमध्ये दोन वर्षं प्रयत्न केला. सकलेनचं बघून." काकूला ही गोष्ट माहीत नव्हती. मलाही नव्हती. पन्नाशीकडे झुकलेला माझा काका, बँकेतून सुटल्यावर, आपल्याला हरवणाऱ्या माणसाचा बॉल शिकायला धडपडत होता. आणि घरात आम्ही मात्र सतरा रनचा हिशेब मांडत बसलो होतो.

मामा म्हणाला, "तरी पण सुनीलने तो फटका मारला नसता." झालं! पुन्हा सगळे तुटून पडले. बाबांची बाजू या वेळी आईने लढवली, पाठीच्या दुखण्यासकट. :)

चार दिवसांनी भाच्याचा मेसेज आला. त्याने ती विकेट शोधून पाहिली होती, एकदा नाही, बऱ्याच वेळा. लिहिलं होतं, "मामा, बॉल आत येणार असंच वाटतं शेवटपर्यंत. मीपण मारायला गेलो असतो." मी तो काकाला वाचून दाखवला. त्याने पुन्हा एकदा वाचायला लावला.

खाली आणखी एक ओळ होती, "पण टाळ्या मी वाजवल्या नसत्या." तीही वाचून दाखवली. काका म्हणाला, "ठीक आहे. बॉल तर बघितलान."

तुमच्या घरी त्या रविवारी काय झालं होतं? कोण कुणाच्या बाजूने होतं? आणि सकलेनचं नाव कुणी घेतलं होतं का? जरूर लिहा. मामाला वाचून दाखवायचं आहे.