किती जुना लाल?

"गाडीचं पुढे काय झालं रे?" हा प्रश्न मला लग्नकार्यात अजून विचारला जातो. दर वेळी मी एक तुकडा सांगतो आणि तेवढ्यात पंगत बसते. म्हणून एकदा सलग लिहून टाकतोय. नात्यातल्यांना उत्तर मिळेल, आणि बाकीच्या मंडळींना इन्शुरन्सचे दोन-चार नियम तरी कळतील. मला ते फार उशिरा कळले.

गाडी म्हणजे बाबांची 2012 सालची लाल वॅगन आर. बाबा मुंबई महापालिकेच्या जलखात्यात होते आणि नोकरीची बरीच वर्षं तानसा धरणावर गेली. निवृत्तीच्या पैशातून घेतलेली ही त्यांची पहिली गाडी, आणि शेवटचीही. गाडी चालवताना उजवं कोपर कायम खिडकीत. कोपर टेकून टेकून अकरा वर्षांत ड्रायव्हरच्या दारावर, काचेच्या पट्टीखाली, रंग विटून तळहाताएवढा गुलाबी डाग पडला होता. "एक दिवस तो हात घेऊन जाईल कुणीतरी," असं आई दर फेरीला म्हणायची. हात शाबूत राहिला. बाबा 20 फेब्रुवारी 2023 ला गेले, घरी, झोपेत.

मे महिन्यात एका रविवारी आई म्हणाली, "एकदा तानसावर जाऊन येऊ." कारण काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. शहापूरहून आटगाव आणि तिथून आत. 1892 सालचा तो दगडी बांध, मे महिन्यातलं खाली गेलेलं पाणी, जुनी क्वार्टर्स. आई अर्धा तास नुसती बसून होती. मग म्हणाली, "चल, ऊन झालं."

परत येताना, जंगलातल्या एका वळणावर, समोरून मंडपाचे बांबू लादलेला पिकअप आला. लग्नसराईचे दिवस. त्यानेही आत घेतलं, मीही डावीकडे घेतलं, पण दोघांनीही थोडं थोडं कमीच. हेडलाईट, बंपर, उजवा फेंडर आणि ड्रायव्हरचं दार. काच फुटून माझ्या मांडीवर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पिकअपवाला पोरगेलासा मुलगा होता, माझ्यापेक्षा जास्त थरथरत होता. संध्याकाळी मंडप उभा करायचा होता त्याला. आईने त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. चूक कुणाची यावर पाच मिनिटं बोललो, मग फोटो काढले, नंबर लिहून घेतले आणि ज्याने त्याने आपापल्या इन्शुरन्सचं बघायचं ठरलं.

तिथेच रेंज शोधून कंपनीला फोन लावला. पॉलिसी नंबर सांगितला. पलीकडून गोड आवाजात प्रश्न आला, "इन्शुअर्डशी बोलता येईल का?"

"ते नाहीत."

"कधीपर्यंत येतील, सर?"

आई शेजारी उभी होती. मी म्हटलं, नंतर फोन करतो.

खरं सांगायचं तर तोपर्यंत माझ्या डोक्यात आलंच नव्हतं की गाडी अजून बाबांच्याच नावावर आहे. बँक, पेन्शन, विजेचं मीटर सगळ्यांच्या मागे लागलो होतो. गाडी रोज दारात उभी असायची, रोज चालायची, म्हणून तिला कागद असतात हेच विसरलो होतो.

संध्याकाळी एजंट घरी आले. बाबांच्या ओळखीतले, भला माणूस. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला आणि आवाज बारीक करून म्हणाले, "हे बघा, मयत वगैरे लिहिलंत तर कागदपत्रांत अडकाल. चालवत तुम्ही होता, लायसन्स तुमचं. मालकाच्या जागी बाबांची सही करून टाका. कोण बघतंय?"

आता इथे एक कबुली. बाबांची सही मला उत्तम येते. आठवीच्या सहामाहीला गणितात नापास झालो तेव्हापासून. पहिल्या अक्षराचा मोठा फाटा, मग नागमोडी रेघ आणि खाली दोन टिंबं. ती दोन टिंबं कशासाठी, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर चोरी पकडली गेली असती. पेन हातात घेतलं होतं, हे लपवत नाही.

आई आतून चहा घेऊन आली. फॉर्म पाहिला, पेन पाहिलं. "त्यांना आता कशाला सह्या करायला लावताय?" एवढंच म्हणाली आणि कप ठेवून आत गेली.

एजंटकाका वरमले. मग आम्ही पॉलिसीचं बारीक अक्षरातलं बाड उघडलं आणि त्यात एक कलम सापडलं, जे प्रत्येकाने वाचून ठेवावं. एकट्या मालकाचा मृत्यू झाला तर पॉलिसी लगेच रद्द होत नाही. मृत्यूपासून तीन महिने, किंवा पॉलिसीची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर ती चालू राहते. तेवढ्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची. मी बोटांवर मोजलं. त्या दिवशी शहात्तर दिवस झाले होते. म्हणजे आम्ही मुदतीत होतो, तेरा दिवस राखून. खोटी सही केली असती तर चालू असलेल्या पॉलिसीवर फसवणूक करून बसलो असतो!

मग धावपळ. नगरपंचायतीचा मृत्यू दाखला, नाशिकच्या ताईचं संमतीपत्र, आरटीओचा फॉर्म 31. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला तोच लागतो. रुक्ष काम आहे, फार लिहीत नाही. फॉर्मवर वारस म्हणून आईने सही करायची होती. आईने चष्मा लावला, सावकाश "सौ." लिहिलं आणि थांबली. मग त्यावर एक आडवी रेघ मारून पुढे नाव लिहिलं. टेबलामागच्या बाईंनी खोडलेल्या जागेशेजारी छोटी सही मागितली. तो नियमच आहे, त्यांची काही चूक नाही. आईने तीही केली.

सर्व्हेअर गॅरेजमध्ये आला, फोटो काढले. गॅरेजवाल्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "मागचा जुना पोचा पण घालून टाकू का यात?" आईचा चहाचा कप आठवला. नको म्हटलं.

क्लेमचा हिशोब कसा होतो हे आमच्या बिलावरून सांगतो. एकूण बिल 26,400. गाडी दहा वर्षांवरची, म्हणून पत्र्याच्या नव्या भागाचे निम्मेच पैसे मिळतात. बंपर, हेडलाईटसारखं प्लास्टिक कितीही नवं असो, निम्मंच. काचेला मात्र घसारा नाही, पूर्ण. मजुरी पूर्ण. रंगकामाची गंमत अशी की बिलाचा पाव हिस्सा रंगाच्या सामानाचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात. आमचं रंगकाम 12,000 चं, त्यातले 1,500 गेले. एकूण 21,400 मंजूर झाले. त्यातून सक्तीचे 1,000 आणि भंगाराचे 400 वजा. हातात 20,000.

पण खरा काटा वेगळाच होता. बाबांनी अकरा वर्षांत एकही क्लेम केला नव्हता आणि याचा त्यांना कोण अभिमान! नो क्लेम बोनस वाढत वाढत पन्नास टक्क्यांवर गेला होता, त्याच्यावर तो जातच नाही. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. गाडी विकली तर नव्या मालकाला तो मिळत नाही. मात्र मालक वारला आणि गाडी नवरा-बायको, मुलं किंवा आईवडील यांच्याकडे गेली, तर बोनसही त्यांच्याकडे जातो. म्हणजे बाबांनी आईसाठी मागे ठेवलेल्या गोष्टींत हीसुद्धा एक होती, आणि मी एका वळणावर ती शून्य केली. पाकिटामागे आकडे मांडले. तो पुन्हा पन्नासवर चढेपर्यंत पाच हप्त्यांत मिळून साधारण साडेचार हजार जादा जाणार होते. वीस हजार मिळतायत, साडेचार जातायत. हिशोबाने क्लेम करणं बरोबरच. तरी त्या रात्री नीट झोप लागली नाही.

आणि आता रंग. हायवेलगतच्या त्या गॅरेजातले पेंटरचाचा साठीचे. पोचे काढून, लांबी भरून, पाणी मारत पॉलिशपेपर घासून दार राखाडी करून ठेवलं होतं. डाग गेला होता. मी बघून घेतलं, बोललो काही नाही. चाचांनी पेट्रोलच्या झाकणाची पत्री काढून उन्हात धरली आणि मला विचारलं, "किती जुना लाल पाहिजे?"

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. लाल रंग उन्हाने सगळ्यांत लवकर उतरतो. कंपनीच्या कोडप्रमाणे रंग मारला तर दार 2012 सालातलं दिसेल आणि गाडी 2023 मधली. सगळी गाडी रंगवायची तर 32,000, आणि कंपनी पैसे देणार फक्त ठोकलेल्या भागांचे. तिसरा मार्ग म्हणजे हाताने मिसळून गाडीच्या वयाचा लाल बनवायचा आणि मागच्या दारावर विरवत न्यायचा. घाईही होती, कारण दमट हवेत रंगावर धुकट येतं, चमक मरते. पण त्या वर्षी पावसाने आमच्यावर मेहेरबानी केली. मुंबईत मान्सून आला तो 25 जूनला.

"गाडीच्या वयाचा बनवा," म्हटलं.

चाचांनी थेंबथेंब पिवळा, काळा, पांढरा घालत पत्र्याच्या तुकड्यांवर सात लाल काढले. एक सावलीत जुळायचा, उन्हात फसायचा. सातवा दोन्हीकडे जुळला. आईला दाखवायला घेऊन गेलो तर तिने दारावरून हात फिरवला, काचेच्या पट्टीखाली जरा थांबली आणि म्हणाली, "छान झालंय. आता तू कोपर बाहेर काढू नकोस."

ऑगस्टमध्ये नवी पॉलिसी आली. तानसा तोवर भरून वाहू लागला होता. मालकाच्या जागी आईचं नाव, पुढे "श्रीमती" छापलेलं. आईने चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. मी श्वास धरून बसलो होतो.

"हप्ता एवढा कसा काय वाढला?" तिने विचारलं.