पहिली रायफल कोणाच्या मापाची?

"पहिली रायफल कोणती घ्यावी?" हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत आम्हाला अनेक तरुणांनी विचारला आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयारच असते. त्याने मोबाइलवर फोटो पाहिलेला असतो, किंमत विचारून ठेवलेली असते. आम्ही फक्त मान डोलवावी एवढीच अपेक्षा असते. आम्ही मान डोलवत नाही, कारण हाच प्रश्न आम्ही एकदा चुकीच्या पद्धतीने सोडवला आहे. त्या चुकीची किंमत आमच्या खिशाने थोडी मोजली आणि आमच्यातल्या एका मुलीने जास्त मोजली. म्हणून हा लेख.

1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा, रेल्वेत नोकरी करणारा. त्या संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत दुसरा विषय नव्हता. नेमबाजी हा मोठ्या घरातल्यांचा खेळ, असे आम्ही तोपर्यंत धरून चाललो होतो. ठरले की वर्गणी काढायची आणि पोरांसाठी एक एअर रायफल घ्यायची. अकरा जणांनी महिन्याला पाचशे याप्रमाणे तीन महिने दिले. साडेसोळा हजार जमले.

इथे आमची पहिली चूक झाली. आमच्यापैकी एकानेही तोवर रेंजवर पाऊल ठेवलेले नव्हते. बंदूक म्हटले की आपल्याकडे बोलणे लगेच कोरेगावच्या लढाईवर जाते, महार रेजिमेंटवर जाते. तो इतिहास आमचा आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण त्या अभिमानात आम्ही दुकानदाराला विचारले काय, तर "सगळ्यात जोरदार कोणती?" त्याने आमच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर दिले. नळी मोडून भरायची, स्प्रिंगची, जड, काळ्या दस्त्याची, वर दुर्बीण लावलेली रायफल आम्ही घेऊन आलो. फोटो मात्र झकास आले.

मग सराव सुरू झाला. अभ्यासिकेमागच्या बंद गोडाऊनमध्ये भिंतीला वाळूची पोती रचली, पुढे लक्ष्यपत्र लावले. मुले हौसेने उडवत होती. गटात अकरावीतली एक मुलगी होती, चणीने लहान. तिला ती नळी मोडताच येईना. जोरदार स्प्रिंग दाबायला तेवढीच ताकद लागते. प्रत्येक छऱ्यासाठी तिला कुणातरी मुलाला हाक मारावी लागे. दस्ता लांब असल्यामुळे बट खांद्याच्या टोकावर जाई, गाल दस्त्याला टेकत नसे आणि दुर्बिणीत कधी चित्र दिसे, कधी नुसता अंधार. तिचे छरे लक्ष्यपत्रावर कमी आणि पोत्यांवर जास्त. महिनाभर हे पाहून आम्हीच तिला म्हणालो, "तुझं लक्ष नाही. हा खेळ तुझा नाही."

हे वाक्य आम्ही उच्चारले. सभांमधून गुणवत्तेच्या नावाने होणाऱ्या अन्यायावर तासभर बोलणाऱ्या आम्ही. संधीचे माप ज्याचे त्याला मिळत नाही आणि मग अपयशाचे खापर त्याच्याच डोक्यावर फुटते, हे आम्ही दुसऱ्यांना शिकवत होतो. आमच्याच गोडाऊनमध्ये तेच घडत असताना मात्र आम्हाला ते दिसले नाही. मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून यायची बंद झाली.

पुढे ओळखीच्या एका प्रशिक्षकाने आम्हाला रेंजवर बोलावले. आम्ही तिला आग्रहाने, खरे तर माफी मागून, सोबत नेले. त्यांनी आमच्या रायफलीकडे फार पाहिले नाही. मुलीला म्हणाले, "दोन्ही हात पुढे कर, तळव्यांमध्ये लहान त्रिकोण ठेव आणि त्यातून तो घड्याळाचा काटा बघ. आता एकेक डोळा मीट." उजवा डोळा मिटला तरी घड्याळ जागेवर. डावा मिटला की घड्याळ गायब. म्हणजे तिचा हुकमी डोळा डावा होता आणि आम्ही महिनाभर तिला उजव्या डोळ्याने नेम धरायला लावत होतो. ही तपासणी एका मिनिटाची आहे. तिला एक पैसा लागत नाही.

त्यांनी क्लबची जुनी रायफल काढली. दस्ता दोन्ही बाजूंनी चालणारा. बटीच्या दोन चकत्या काढून लांबी कमी केली, गालपट्टी वर घेतली, रायफल डाव्या खांद्याला लावून दिली. अर्ध्या तासाने तिचे पाच छरे दहा रुपयांच्या नाण्याखाली झाकले जातील एवढ्या जागेत बसले. मुलगी तीच होती. बदलले होते ते माप.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. 10 मीटर एअर रायफलमध्ये दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याला ताकद लागत नाही. स्पर्धेतल्या रायफलीचा छरा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास आणि त्याचा वेग सेकंदाला साधारण 170 ते 175 मीटर. गणित केले तर शक्ती आठ ज्यूलच्याही आत येते. ऑलिंपिकमध्ये एवढीच पुरते. मग पंधरा-अठरा ज्यूलची रायफल घेऊन आपण काय जास्त मिळवतो? झटका, आवाज आणि दमलेले हात. स्प्रिंगच्या रायफलीत तर छरा नळीतून बाहेर पडण्याआधीच आतला दट्ट्या हलतो आणि सगळी रायफल हादरवतो. नवख्याला कळतच नाही की चूक आपली झाली की यंत्राची. शिकणाऱ्याच्या हातात असे साधन हवे की चूक झाली तर ती कुठे झाली हे कळावे.

दुसरा मोह दुर्बिणीचा. 10 मीटरच्या ऑलिंपिक प्रकारात दुर्बीण चालत नाही. तिथे पीप साईट असते, म्हणजे मागे बारीक छिद्र, पुढे रिंग आणि त्या रिंगेच्या मधोमध लक्ष्याचा काळा गोल. मागची आणि पुढची साईट यांच्यात 80 सेंटिमीटर अंतर धरा. पुढची साईट एक मिलिमीटर सरकली की छरा दहा मीटरवर साडेबारा मिलिमीटर सरकतो. लक्ष्यावरच्या रिंगा अडीच-अडीच मिलिमीटरवर असतात, म्हणजे पाच गुण गेले. ही शिस्त डोळ्याला पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. ओपन साईटवर सुरुवात केली तरी हरकत नाही, पुढे पीपवर जाता येते. दुर्बिणीची सवय मात्र नंतर मोडावी लागते.

म्हणून आमचा क्रम असा. आधी रेंज, मग रायफल. किमान तीन महिने क्लबच्या किंवा संस्थेच्या रायफलीवर शिका. अंजली भागवत कॉलेजात एनसीसीमध्ये असताना नेमबाजीकडे वळल्या. स्वप्नील राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. कॉलेजात असाल तर एनसीसीत जा, पहिली गोळी सरकारच्या खर्चाने झाडा. सार्वजनिक सोय आपल्यासाठीच असते. ती मागायला लाजू नका आणि कुठे नसेल तर मागणी लावून धरा.

विकत घेताना रायफल हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बट कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवा. बोटाचे पहिले पेर ट्रिगरवर सहज आले पाहिजे. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, डोळे उघडा. मान न वाकवता साईट समोर दिसली तर माप बरोबर. उभ्याने नेम धरताना आधाराच्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकते, वजन हाडांनी पेलायचे असते. नियमाने रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण लहान चणीच्या मुलाला चार किलोच्या आसपासची पुरे. बट आणि गालपट्टी मागेपुढे, वरखाली होणारी असेल तर एकच रायफल पाच जणांना बसते. वर्गणीतून घेणाऱ्यांनी हा एक गुण बाकी सगळ्या गुणांच्या वर ठेवावा.

परदेशी स्पर्धा रायफल लाखांत जाते. पहिलीसाठी तिची गरज नाही. जुनी चांगली क्लब रायफल मिळाली तर ती घ्या. हवेच्या सिलिंडरची असेल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. त्याची मुदत साधारण दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेले सिलिंडर स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. हवा कुठे भरून मिळेल, की हातपंप घ्यावा लागेल, हेही आधीच विचारा. सगळे पैसे रायफलीत घालू नका. सपाट डोक्याचे चांगले छरे, लक्ष्यपत्रे आणि रेंजची फी यासाठी निम्मे नाही तरी तिसरा हिस्सा बाजूला ठेवा. छरे शिशाचे असतात, सरावानंतर हात धुवा. आणि सर्वात स्वस्त सराव म्हणजे छरा न भरता नेम धरणे. रोज वीस मिनिटे, रिकाम्या रायफलीने, भिंतीवरच्या ठिपक्यावर.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. .22 ची गोळी झाडणाऱ्या रायफलीला लागतो. तरीही आपल्या वस्तीतून कुणी बंदुकीची पिशवी खांद्याला लावून निघाला की त्याला विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात, हा आमचा अनुभव आहे. बिल आणि ओळखपत्राची प्रत पिशवीत ठेवा. रायफल रस्त्यात बाहेर काढू नका. पाखरांवर रोखणे हा गुन्हाही आहे आणि नीचपणाही. फोटोसाठी कुणाच्या दिशेने नळी केली त्याला आमच्या गटात दुसरी संधी नाही.

ती पहिली रायफल आम्ही विकली. तीन हजारांचा तोटा सगळ्यांनी वाटून घेतला. उरलेल्यात भर घालून एका खेळाडूची जुनी क्लब रायफल घेतली. या वेळी दुकानात आम्ही अकरा जण गेलो नाही. प्रशिक्षक, आम्ही एक जण आणि ती मुलगी एवढेच गेलो. तिने बट कोपरात टेकवून पाहिली, डोळे मिटून खांद्याला लावली, उघडले आणि म्हणाली, "हिच्या दोन चकत्या काढाव्या लागतील."

आम्ही विचारले, "मग घ्यायची?"

ती म्हणाली, "चकत्या टाकू नका. मोठ्या मुलांना परत लावायला लागतील."