स्टील तापलं की बदलतं

थर्मल सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मटेरियल निवडलं की बरेचदा एकच आकडा येऊन बसतो. कार्बन स्टील, उष्णतावाहकता ५३. चौकट भरली, चला पुढे! पण मंडळी, हा आकडा २० अंशांचा आहे. एसीत बसलेल्या स्टीलचा म्हणा ना :)

मी ऊर्जानगरचा. चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेला. सात संच, २९२० मेगावॅट, इरई धरणाचं पाणी आणि मे महिन्यात ४७-४८ अंश. तापल्यावर कुणीच पहिल्यासारखं राहत नाही, हे तिथल्या पोरांना शिकवावं लागत नाही.

आता बॉयलरचा ड्रम घ्या. पाणी आणि वाफ वेगळी करणारं जाडजूड भांडं. संच पूर्ण जोरात असताना याचं तापमान साधारण ३५० अंश. तिथे वाहकता ५३ वरून ४२ वर येते आणि विशिष्ट उष्मा ४४० वरून ५८५ वर जातो. म्हणजे उष्णता पुढे सरकते हळू आणि जागच्या जागी मुरते जास्त. दोन्ही बदल एकाच दिशेने मारतात राव!

समजा भिंत १३० मिलिमीटर जाड आहे आणि आतून मिनिटाला २ अंशांनी तापतेय. २० अंशांचे आकडे धरले तर आतल्या-बाहेरच्या बाजूत फरक येतो सुमारे १८ अंश. ३५० अंशांचे धरले तर ३१! हा फरक म्हणजेच धातूवरचा ताण. प्रत्येक स्टार्टअपला तो पडतो, धातू थकतो आणि शेवटी तडा जातो.

म्हणून एक आकडा नको, टेबल द्या. २०, १००, २००, ३००, ४०० अंश आणि प्रत्येकासमोर त्याची किंमत. मधलं सॉफ्टवेअर सरळ रेषेने भरतं. फक्त टेबल कुठे संपतं ते बघा, कारण त्यापुढे बरीच सॉफ्टवेअर शेवटचाच आकडा गुपचूप ओढत नेतात. आणि एका स्टीलचं टेबल दुसऱ्याला चिकटवू नका. स्टेनलेसची वाहकता तापल्यावर उलट वाढते.

बाबा प्लांटमध्येच होते. त्यांना हे गणित दाखवलं तर हसून म्हणाले, "बेटा, ड्रमले घाई चालत नाही, हे आम्हाले टेबलाशिवाय माहीत होतं."

खरं आहे. पण आता घाई वाढलीय. दुपारी सोलरची वीज भरपूर असते, संध्याकाळी नसते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कोळशाच्या संचांना ४० टक्के लोडपर्यंत खाली येता आलं पाहिजे. रोज उतरायचं, रोज चढायचं. किती वेगाने, हे ठरवताना कुणीतरी आपल्यासारखाच स्क्रीनसमोर बसलेला असणार. आणि त्या ड्रमच्या आसपास रात्रपाळीला माझ्या शाळेतली पोरं असतात.

तेव्हा डिफॉल्ट आकड्यावर 'ओके' दाबायच्या आधी एवढंच विचारा, हा किती अंशांचा?